कमी विद्राव्य पदार्थांतून पाण्यात किती धातू उतरतो? चाचणी करण्याची सविस्तर पद्धत

धातूंची पूड, ऑक्साइड, सल्फाइड, भट्टीतली मळी म्हणजे स्लॅग, वितळलेल्या धातूवर जमणारा ड्रॉस, मिश्रधातूंचे दाणे. हे पदार्थ पाण्यात टाकले की तळाशी जाऊन बसतात. पाणी वरून स्वच्छ दिसते आणि 'हे काही विरघळत नाही' असा शेरा मारून माणूस मोकळा होतो. पण मासे, डॅफ्निया नावाचे पाण्यातले बारीक जीव आणि शेवाळ यांना त्रास होतो तो तळाशी बसलेल्या दाण्यांमुळे नव्हे, तर त्यांतून हळूहळू सुटणाऱ्या धातूच्या आयनांमुळे. हे आयन लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतके जरी असले, तरी तांब्यासारख्या धातूच्या बाबतीत तेवढे पुरते. म्हणून चाचणीत शोधायचे ते असे: ठरावीक पाण्यात, ठरावीक दिवसांत, ठरावीक मात्रेच्या पदार्थातून किती धातू विरघळलेल्या रूपात बाहेर येतो?

यासाठीचे मार्गदर्शन ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक सहकार संघटनेने २००१ साली आपल्या चाचण्यांविषयीच्या मालिकेतील २९ क्रमांकाच्या दस्तऐवजात दिले. संयुक्त राष्ट्रांच्या जीएचएस या रसायनांच्या धोक्यानुसार वर्गीकरण करणाऱ्या पद्धतीतले १०वे परिशिष्ट त्याच पायावर उभे आहे. इंग्रजीत या पद्धतीला ट्रान्सफॉर्मेशन-डिसोल्यूशन चाचणी म्हणतात. पुढे मी 'रूपांतरण-विरघळण चाचणी' किंवा नुसते 'चाचणी' म्हणेन.

माझे एक ठाम मत सुरुवातीलाच सांगतो. या चाचणीत महागडे यंत्र सगळ्यात शेवटी येते आणि सगळ्यात कमी चुकते. आकडा बिघडतो तो नमुन्याच्या पृष्ठभागात, पाण्याच्या सामूत आणि गाळणीत. त्यामुळे या लेखातली बहुतेक जागाही तिथेच गेली आहे.

ही कोणती चाचणी नव्हे

साखरेची विद्राव्यता मोजता येते, कारण ठरावीक तापमानाला पाण्यात साखर किती मावते याचा एक पक्का आकडा असतो. तांब्याच्या पुडीला असा आकडा नाही. धातू आधी हवेतल्या प्राणवायूशी आणि पाण्याशी क्रिया करतो, त्याचे रूप बदलते आणि मग आयन सुटतात. दोन तासांनी मोजले तर एक उत्तर येते, सात दिवसांनी मोजले तर दुसरे. म्हणून ओईसीडीची १०५ क्रमांकाची पाण्यातील विद्राव्यतेची चाचणी इथे लावू नये.

कचऱ्यासाठीच्या निक्षालन चाचण्याही, म्हणजे कचऱ्यातून द्रावात काय झिरपते ते पाहणाऱ्या चाचण्याही, वेगळ्या. त्यांतल्या टीसीएलपीमध्ये नमुन्याच्या वीसपट वजनाचे असेटिक आम्लाचे द्रावण घेऊन सुमारे १८ तास घुसळतात, कारण तिथे कचराभूमीत मुरणाऱ्या आम्लयुक्त पाण्याचे अनुकरण करायचे असते. आपल्याला नदी-तलावाच्या पाण्याचे करायचे आहे. टीसीएलपीचा जुना अहवाल हातात आहे म्हणून तोच जलचरांच्या वर्गीकरणाला जोडण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळा, दोन्ही आकड्यांचा एकमेकांशी काही हिशेब लागत नाही.

छाननी की पूर्ण चाचणी?

धातूचे संयुग असेल, म्हणजे ऑक्साइड, कार्बोनेट, सल्फाइड वगैरे, तर आधी २४ तासांची छाननी करा. लिटरमागे १०० मिलिग्रॅम पदार्थ घ्यायचा आणि ज्या सामूला सर्वाधिक धातू सुटतो त्या सामूला एक दिवस घुसळायचे. विरघळलेला धातू त्याच्या विषारीपणाच्या संदर्भमूल्यापेक्षा (जीवचाचणीत ज्या प्रमाणाला जलचरांना अपाय दिसतो त्यापेक्षा) जास्त निघाला, तर पदार्थाला सहज विद्राव्य क्षारासारखेच धरता येते आणि लांबलचक चाचणी वाचते. ते मान्य नसेल तर पूर्ण चाचणीकडे वळावे लागते. धातूरूप पूड आणि मिश्रधातू यांच्यासाठी मात्र छाननीत वेळ घालवू नका, थेट पूर्ण चाचणी करा.

पूर्ण चाचणीत लिटरमागे १, १० आणि १०० मिलिग्रॅम अशी तीन लोडिंग, म्हणजे पाण्यात घालायच्या पदार्थाच्या मात्रा, घेतात आणि सात दिवस चालवतात. हे आकडे वर्गीकरणातून आलेले आहेत: तीव्र विषारीपणाच्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या श्रेणीची सीमा याच तीन मात्रांवर आहे. दीर्घकालीन परिणामासाठी १ मिलिग्रॅमची चाचणी २८ दिवसांपर्यंत नेतात आणि गरजेनुसार ०.१ व ०.०१ मिलिग्रॅमचाही विचार करतात. इतक्या कमी मात्रा प्रत्यक्ष तोलणे अवघड असते, म्हणून तिथे बहुधा वरच्या लोडिंगवरून हिशेब करतात. तो कधी चालतो ते पुढे येईल.

नमुना: अर्धे काम इथे

विरघळण पृष्ठभागावर होते, वजनावर नाही. हे सगळ्यांना माहीत असते, पण अहवालात उतरत नाही. हिशेब करून पाहा. गोल दाण्याचे दर वजनी पृष्ठफळ म्हणजे ६ भागिले घनता गुणिले व्यास. तांब्याची घनता ८.९६ धरली, तर १ मिलिमीटर व्यासाच्या गोळीचे पृष्ठफळ दर मिलिग्रॅमला ०.६७ चौरस मिलिमीटर येते. १० मायक्रॉनच्या पुडीचे येते ६७. म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम बारीक पूड आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅम गोळ्या, दोन्हींत पाण्याला भिडणारा पृष्ठभाग सारखाच. धातू एकच, पण वर्गीकरण बारीक पुडीसाठी एक आणि ठोकळ्यासाठी दुसरे होऊ शकते, आणि त्यात गैर काही नाही.

म्हणून नमुना असा घ्या:

बाजारात जाणाऱ्या मालातला सर्वांत बारीक प्रातिनिधिक प्रकार निवडा. ठोकळ्यांच्या, म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठ्या मालासाठी एक मिलिमीटरचा दाणा प्रमाण धरतात. पोत्याच्या तोंडाशी हात घालून मूठभर पूड काढू नका. वाहतुकीत हादरे बसून बारीक कण खाली जातात, जाड वर राहतात. नमुना विभाजकातून काढा किंवा शंकूसारखा ढीग करून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा आणि पुन्हा तसेच करत न्या.

पृष्ठफळ बीईटी पद्धतीने, नायट्रोजन वायूच्या शोषणावरून मोजा. बारीक पुडीसाठी ती उत्तम आहे. जाड दाण्यांच्या बाबतीत मात्र गोची होते: वर आलेले ०.६७ चौरस मिलिमीटर म्हणजे दर ग्रॅमला जेमतेम ०.०००७ चौरस मीटर, आणि नायट्रोजनच्या पद्धतीला इतके कमी क्षेत्रफळ नीट दिसत नाही. तिथे क्रिप्टॉन वापरा, किंवा दाण्यांचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली मोजून भूमितीने काढा. कोणत्या मार्गाने काढले ते अहवालात लिहा.

स्लॅग किंवा खनिज बारीक करावे लागणार असेल तर पोलादी खलबत्ता वापरू नका, लोखंड आणि क्रोमियम नमुन्यात मिसळतात. अगेटचा खल घ्या. शिवाय दळल्याने ताजा पृष्ठभाग उघडा पडतो आणि त्यातून सुरुवातीला धातू भसाभस सुटतो. माल बाजारात दळलेल्या रूपात जात नसेल, तर तुम्ही मोजत आहात तो पदार्थ वेगळाच.

सल्फाइड खनिजांचे संहत (माती-दगड काढून धातूचा अंश वाढवलेले) नमुने विशेष जपा. दमट हवेत राहिले की वरचा थर सल्फेटात बदलतो आणि तो पाण्यात पटकन विरघळतो. मग पहिल्या दोन तासांचा आकडा फुगतो आणि तुम्हाला वाटते की खनिज फार विद्राव्य आहे. नायट्रोजन भरलेल्या बंद बाटलीत, थंड जागी ठेवा आणि नमुना काढल्यापासून चाचणीपर्यंत किती दिवस गेले ते नोंदवा.

ठोकळ्यांचा आणखी एक पेच आहे. तांब्याच्या एक मिलिमीटरच्या गोळीचे वजन सुमारे ४.७ मिलिग्रॅम भरते. लिटरमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे २१ गोळ्या, हे जमते. पण १ मिलिग्रॅम म्हणजे गोळीचा पाचवा भाग! अशा वेळी वजनाचा नाद सोडून पृष्ठफळ धरावे. धातूची चकती इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून तिचा एकच चेहरा उघडा ठेवायचा. १०० मिलिग्रॅमच्या लोडिंगला लागणारे ६७ चौरस मिलिमीटर साधारण ९.२ मिलिमीटर व्यासाच्या चकतीतून मिळतात. रेझिनला भेग नाही ना, कडेने पाणी आत शिरत नाही ना, हे आधी तपासा. चकती घासून गुळगुळीत केली असेल तर घासल्यानंतर ती किती वेळ हवेत राहिली तेही नोंदवा. स्टेनलेस स्टीलसारख्या मिश्रधातूवर निष्क्रिय थर चढायला वेळ लागतो आणि या थरामुळेच मिश्रधातूतून सुटणारा निकेल त्याच्या टक्केवारीवरून बांधलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी निघतो.

पाणी तयार करणे

नळाचे, विहिरीचे, नदीचे पाणी चालत नाही. मूळ कृती आयएसओ ६३४१ची आहे, म्हणजे डॅफ्नियाच्या चाचणीत वापरतात तेच कृत्रिम पाणी. चार साठा द्रावणे वेगवेगळी करा. एक लिटर विआयनित पाण्यात कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ११.७६ ग्रॅम, दुसऱ्यात मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९३ ग्रॅम, तिसऱ्यात सोडियम बायकार्बोनेट २.५९ ग्रॅम आणि चौथ्यात पोटॅशियम क्लोराइड ०.२३ ग्रॅम. प्रत्येकाचे २५ मिलिलिटर घेऊन एक लिटर केले की सामू ८ च्या आसपासचे माध्यम तयार. खालच्या सामूसाठी हेच पाणी पातळ करतात आणि वर कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढवतात:

| घटक (लिटरमागे मिलिग्रॅम) | सामू ६ | सामू ७ | सामू ८ |
|---|---|---|---|
| सोडियम बायकार्बोनेट | ६.५ | १२.६ | ६४.७५ |
| पोटॅशियम क्लोराइड | ०.५८ | २.३२ | ५.७५ |
| कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट | २९.४ | ११७.६ | २९४ |
| मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट | १२.३ | ४९.२ | १२३.२५ |
| वायूतील कार्बन डायऑक्साइड | ०.५० टक्के | ०.१० टक्के | साधी हवा |
| हिशेबाने येणारा सामू | ६.०९ | ७.०७ | ७.९८ |

साठा द्रावणे एकमेकांत थेट ओतू नका. भांड्यात आधी बरेचसे पाणी घ्या, मग एकेक घाला, नाहीतर दाट कॅल्शियम आणि बायकार्बोनेट भेटून गढूळपणा येतो. माध्यम ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक करा. त्यातला एकूण सेंद्रिय कार्बन लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आत हवा, कारण सेंद्रिय पदार्थ धातूला धरून ठेवतात आणि आकडा फिरवतात.

तक्ता नीट पाहिला तर एक गोष्ट ध्यानात येईल. सामूबरोबर पाण्याची कठिणताही बदलते, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात सुमारे २५, १०० आणि २५० मिलिग्रॅम अशी. त्यामुळे 'सामू ६ ला जास्त विरघळले' असे लिहिताना पाण्यातले कॅल्शियमही दहापट कमी होते हे डोक्यात असू द्या.

कोणता सामू निवडायचा? साधारण ६ ते ८.५ या पट्ट्यात जिथे धातू सर्वाधिक सुटतो तो. जस्त, निकेल, कोबाल्ट, तांबे, कॅडमियम, शिसे यांच्यासाठी तो बहुधा ६ असतो. मॉलिब्डेनम, व्हॅनेडियमसारखे जे धातू पाण्यात ऋण आयनांच्या रूपात राहतात त्यांना वरचा सामू मानवतो. ॲल्युमिनियम तर दोन्ही टोकांना विरघळते आणि मध्येच, सामू ६ च्या थोडे वर, सर्वांत कमी विरघळते. अंदाजावर विसंबू नका, छाननीच्या वेळी दोन-तीन सामूंना एकेक भांडे लावून बघा.

सामू टिकवणे, म्हणजे खरी लढाई

इथे बहुतेक प्रयोगशाळा फसतात. सामू ६ च्या माध्यमात बायकार्बोनेट लिटरमागे फक्त ०.०७७ मिलिमोल असते. त्यात जस्ताचे ऑक्साइड १०० मिलिग्रॅम टाकले आणि त्यातला दहावा भाग जरी विरघळला, तरी ऑक्साइड आम्ल खाऊन सुमारे ०.२५ मिलिमोल नवे बायकार्बोनेट तयार करते. कार्बन डायऑक्साइड ०.५ टक्क्यावर स्थिर असूनही सामू सुमारे ०.६ ने वर चढतो. सामू चढला की विरघळणे मंदावते आणि आकडा कमी येतो. म्हणजे पदार्थ जास्त क्रियाशील असेल तर तो चाचणीला स्वतःच्या बाजूने वळवून घेतो.

उपाय तीन. वायूचा प्रवाह सतत आणि पुरेसा ठेवा, पण तो ओला करून सोडा, म्हणजे पाण्याच्या बाटलीतून बुडबुडे काढून मग भांड्यात. कोरडा वायू २८ दिवसांत बरेच पाणी उडवून नेतो आणि द्रावण दाट होते. दुसरे, पदार्थ टाकण्यापूर्वी नुसत्या माध्यमातून वायू इतका वेळ सोडा की सामूचा आकडा हलायचा थांबेल, घाई असेल तरी किमान रात्रभर. तिसरे, सामू ०.२ पेक्षा जास्त सरकला तर तो कसा आणि कितीदा दुरुस्त केला ते लिहा. सौम्य आम्लाचे थेंब घालून दुरुस्ती करता येते, पण ठिबकताना त्या जागी क्षणभर फार आम्लता होते, म्हणून अगदी पातळ द्रावण, घुसळणे चालू असताना, हळूहळू घाला. विरघळलेला प्राणवायू संपृक्ततेच्या ७० टक्क्यांच्या वर राहिला पाहिजे, नाहीतर धातूचे ऑक्सिडीकरण अडते.

सामू ८ ची चाचणी हवेवरच चालते. तिथे भांड्यात पाण्याच्या वर मोकळी जागा भरपूर ठेवा, एक लिटर पाण्याला जवळजवळ तीन लिटरचा फ्लास्क.

भांडी, घुसळण आणि पूड टाकणे

काचेची भांडी सौम्य नायट्रिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर बुडवून विआयनित पाण्याने अनेकदा विसळा. द्रावण बनवताना आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नव्हे. जस्ताच्या चाचणीत रबरी बूच आणि लॅटेक्सचे हातमोजे संशयित धरा, दोन्हींतून जस्त सुटू शकते. निकेल, कोबाल्ट, शिसे, कॅडमियम यांच्या पुडी धूरकक्षात हाताळा आणि योग्य मुखपट्टी लावा. ही धूळ फुफ्फुसांना भोवते. कार्बन डायऑक्साइडची टाकी असलेली खोली हवेशीर हवी.

प्रत्येक लोडिंगला किमान तीन भांडी आणि पदार्थ न घातलेली दोन कोरी भांडी, म्हणजे ब्लँक. तापमान २० ते २५ अंशांत कुठे तरी ठरवून त्याच्या आसपास दीड अंशात स्थिर ठेवा.

घुसळण्याचा वेग दोन टोकांच्या मध्ये हवा: कण तरंगत राहिले पाहिजेत, पण एकमेकांवर घासून झिजता कामा नयेत. पंख्याने ढवळत असाल तर मिनिटाला २०० फेरे आणि पाती तळापासून ५ सेंटिमीटर वर. शेकरवर ठेवत असाल तर मिनिटाला १०० फेरे. पंख्याचा दांडा पोलादी असला तर त्यावर प्लॅस्टिकचे आवरण हवेच. चुंबकीय ढवळणी वापरू नका. तळाशी फिरणारा दांडा कणांना जात्यासारखा दळतो आणि सातव्या दिवशी तुमच्या हाती भलतीच बारीक पूड असते.

१ मिलिग्रॅम तोलायला साधा रासायनिक तराजू कामाचा नाही. ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या तराजूवर तुम्ही तिथेच १० टक्के चूक करता. सूक्ष्मतराजू घ्या, आणि जमत असेल तर दोन लिटरचे भांडे घेऊन २ मिलिग्रॅम तोला. पूड छोट्या तोलनपात्रातून सरळ पाण्यात पाडा, पात्र त्याच माध्यमाने धुऊन तेही भांड्यात ओता, मग रिकामे पात्र पुन्हा तोला. काही पुडी पाण्यावर तरंगतात. साबणासारखे काही घालायचे नाही. भांडे बंद करून जोरात हलवा आणि तरीही तरंगत राहिली तर तसे नोंदवा.

नमुने काढणे आणि गाळणे

वेळापत्रक: पदार्थ टाकण्यापूर्वी शून्य वेळेचा, मग २ तास, ६ तास, १ दिवस, ४ दिवस, ७ दिवस. २८ दिवसांची चाचणी असेल तर पुढे १४, २१ आणि २८. दर वेळी प्रत्येक भांड्यातून दोन उपनमुने काढतात. प्रत्येकी १० मिलिलिटर धरले तर पदार्थ टाकल्यानंतरच्या आठ वेळांत १६० मिलिलिटर गेले, म्हणजे एक लिटरच्या भांड्यातले सहाव्या भागाएवढे पाणी. घन पदार्थ तळाशी राहतो आणि पाणी कमी होते, त्यामुळे लोडिंग नकळत वाढते. म्हणून लांब चाचणीला दोन लिटरचे भांडे बरे.

पद्धत अशी. सिरिंजने मधल्या पातळीवरून पाणी घ्या, भांडे शक्य तितके कमी उघडा. ०.२ मायक्रॉनची गाळणी सिरिंजला लावण्यापूर्वी ताज्या माध्यमाने तीनदा धुऊन घ्या, कारण नव्या गाळणीतूनच धातूचे अंश सुटतात. नमुन्याचे पहिले दोन-तीन मिलिलिटर टाकून द्या आणि उरलेले आम्लाने धुतलेल्या प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन लगेच नायट्रिक आम्ल घाला, इतके की द्रावणात ते एक टक्का होईल. आधी गाळायचे, मग आम्ल घालायचे. क्रम उलटा झाला तर आम्लाने कणच विरघळतील आणि सगळी मेहनत पाण्यात.

गाळणी धातू सोडते तशी धरूनही ठेवते. शिसे, चांदी आणि लोह यांच्या बाबतीत हे विशेष. म्हणून चाचणीच्या आधी एक उपपरीक्षा करा: माध्यमात धातूच्या आयनांचे ज्ञात प्रमाण, समजा लिटरमागे ५० मायक्रोग्रॅम, घालून ते गाळा आणि न गाळता दोन्ही मोजा. तेच पाणी भांड्यात सात दिवस ठेवून पुन्हा मोजा. पहिल्यात तूट आली तर गाळणीचा दोष, दुसऱ्यात आली तर भांड्याच्या भिंतीचा किंवा अवक्षेपाचा. ही उपपरीक्षा न करता आलेला कमी आकडा मी तरी मानत नाही.

नॅनो आकाराच्या पुडीला ०.२ मायक्रॉनची गाळणी अडवू शकत नाही. कण सरळ आरपार जातात आणि विरघळलेला धातू म्हणून मोजले जातात. तिथे अतिसूक्ष्म पडद्याची गाळणी लागते.

मोजमाप

धातू मोजायला आयसीपी-एमएस (अणूंच्या वस्तुमानावरून मोजणारे यंत्र), आयसीपी-ओईएस (त्यांच्या प्रकाशावरून मोजणारे) किंवा अणुशोषण, काहीही चालेल. अट एवढीच की मोजता येणारी किमान मात्रा संदर्भमूल्याच्या पाचव्या भागापेक्षा खाली असावी. आयसीपी-एमएस वापरत असाल तर या माध्यमातले क्षारच आड येतात हे ध्यानात ठेवा. सोडियम आरगॉनशी जुळून ६३ वस्तुमानावर येते, जिथे तांबे मोजतात. मॅग्नेशियम आणि आरगॉन मिळून ६४ वर, जस्ताच्या जागी. कॅल्शियमची ऑक्साइडे ५८ ते ६० च्या पट्ट्यात निकेल-कोबाल्टला नडतात. क्लोराइडमुळे ७५ वर आर्सेनिक आणि ५१ वर व्हॅनेडियम खोटे दिसते. हे खोटे जोड-आयन अडवणारा हेलियमचा टक्करकक्ष वापरा, तांब्यासाठी ६५ आणि जस्तासाठी ६६ हेही वस्तुमान तपासा, आणि प्रमाण द्रावणे साध्या पाण्यात न करता त्याच माध्यमात करा.

आकडे वाचणे

समजा तांब्याच्या पुडीच्या १ मिलिग्रॅम लोडिंगला सातव्या दिवशी तीन भांड्यांत लिटरमागे ४१, ४४ आणि ४७ मायक्रोग्रॅम आले आणि कोऱ्या भांड्यात १.२. सरासरी ४४, भांड्यांमधला फरक सुमारे ७ टक्के. एकाच भांड्यातल्या उपनमुन्यांत १० टक्के आणि भांड्याभांड्यांत २० टक्के यापेक्षा जास्त विखुरण असेल तर कारण शोधा किंवा चाचणी पुन्हा करा. ब्लँक वजा करून ४२.८ उरले. संदर्भमूल्य ३० धरले, तर १ मिलिग्रॅमलाच ते ओलांडले, म्हणून तीव्र विषारीपणाची पहिली श्रेणी. संदर्भमूल्य ज्या सामूच्या जीवचाचणीतून आले त्याच सामूला विरघळणही मोजलेले हवे. सामू ६ चे विरघळण आणि सामू ८ चे विषारीपण यांची सांगड घालू नका.

तोच आकडा पृष्ठफळावर मांडा. पूड १० मायक्रॉनची असेल तर ४२.८ मायक्रोग्रॅम ६७ चौरस मिलिमीटरमधून आले, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ०.६४ मायक्रोग्रॅम. तिन्ही लोडिंगना ही किंमत जवळपास सारखी आली, तर विरघळण पृष्ठभागावर ठरते आहे आणि खालच्या लोडिंगसाठी प्रमाणात हिशेब करता येतो. १०० मिलिग्रॅमला ती एकदम घसरली, तर एक तर द्रावण संपृक्त झाले, नाहीतर सामू सरकला. तिथून सरळ रेषा खाली ओढलीत तर धोका कमी दिसेल.

वेळेचा आलेख काढाच. सतत चढणारी रेषा सांगते की सात दिवसांत गोष्ट संपलेली नाही. पहिल्या सहा तासांत उसळी आणि मग सपाट, म्हणजे वरचा ऑक्साइडचा किंवा सल्फेटचा थर धुतला गेला आणि आतला माल शांत आहे. चढून पुन्हा उतरणारी रेषा सर्वांत रंजक: धातू सुटला, पण हायड्रॉक्साइड किंवा कार्बोनेट होऊन पुन्हा खाली बसला. अशा वेळी फक्त सातव्या दिवसाचा आकडा देऊन थांबू नका, कमाल मूल्य आणि ते कधी आले हेही द्या.

स्लॅग, मॅट (भट्टीतले वितळलेल्या सल्फाइडांचे मिश्रण), ड्रॉस यांसारख्या मालात अनेक धातू असतात आणि रचना घाणीघाणीला, म्हणजे भट्टीच्या दर खेपेला, बदलते. तिथे प्रत्येक धातूचे प्रमाण त्याच्या संदर्भमूल्याने भागून बेरीज करा. समजा तांबे १२ आणि संदर्भ ३०, जस्त ९० आणि संदर्भ १२०. एकेकटे पाहिले तर दोन्ही मर्यादेत. बेरीज मात्र ०.४ अधिक ०.७५, म्हणजे १.१५, आणि एकच्या वर गेली की मर्यादा ओलांडली. एकाच घाणीचा नमुना घेऊन वर्षभराच्या उत्पादनाचा निकाल लावू नका. रचनेच्या दोन्ही टोकांचे नमुने तपासा. धातूचे एकूण प्रमाण जास्त असलेला नमुना जास्त सोडेलच असे नाही. काचेसारख्या स्लॅगमध्ये धातू जखडलेला असतो, तर भुसभुशीत ड्रॉसमध्ये मोकळा.

अहवालात काय हवेच

नमुन्याचा उगम, रचना, कणांचा आकार, पृष्ठफळ आणि ते मोजण्याची पद्धत. माध्यमाची कृती, दर वेळचा सामू, तापमान, प्राणवायू. घुसळण्याचा प्रकार आणि वेग, गाळणीचा प्रकार, उपपरीक्षेतली तूट, ब्लँकचे आकडे. प्रत्येक भांड्याचा प्रत्येक वेळचा आकडा, नुसती सरासरी नव्हे.

चाचणी संपल्यावर तळाशी उरलेली पूड फेकू नका. ती गाळून, सुकवून क्ष-किरण विवर्तनाखाली ठेवा. आलेख उतरत का होता याचे उत्तर बरेचदा तिथेच मिळते: मूळ ऑक्साइडच्या जागी कार्बोनेट दिसले, तर धातू कुठे गेला ते कळते. उरलेले द्रावण आणि गाळण्या धातूयुक्त कचरा म्हणून वेगळ्या डब्यात जमा करा, मोरीत ओतू नका.